आवर्तनावर वाहणाऱ्या नदीचा काठ

पुणे महापालिकेने मुळा, मुठा आणि मुळा-मुठा मिळून 44 किलोमीटर नदीकाठ सुधारायला घेतला. 2022 च्या मार्चमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन झाले, खर्चाचा आकडा 4,727 कोटी रुपये सांगितला गेला, आणि बंडगार्डनजवळचा तयार तुकडा फोटोत छान दिसतो. जिल्ह्याच्या शहरात जे होते ते काही वर्षांनी तालुक्याच्या गावात उतरते, ही आपल्याकडची रीतच आहे. आधी जॉगिंग ट्रॅक येतो, मग ओपन जिम, मग गावाच्या नावापुढे लाल बदाम लावलेली सेल्फीची अक्षरे. तेव्हा कुकडी, मीना आणि घोड या नद्यांच्या काठांवरही उद्या कुणीतरी हिरवी पट्टी ओढणार, हे धरून चालावे.

जुन्नरला 2018 पासून पर्यटन तालुक्याचा दर्जा आहे, आणि नकाशा समोर ठेवला की ती पट्टी कुठे ओढायची हे आपोआप सुचते. अष्टविनायकांतले लेण्याद्री आणि ओझर हे दोन्ही गणपती कुकडीच्याच खोऱ्यात आहेत. एक नदीपलीकडच्या डोंगरातल्या बौद्ध लेण्यांत, दुसरा येडगाव धरणाच्या फुगवट्याशी. दोहोंमध्ये गाडीरस्त्याने पंधराएक किलोमीटर अंतर, अलीकडे जुन्नर शहर आणि शिवनेरीचा पायथा. शहराच्या काठावर सुरुवात करायची आणि टप्प्याटप्प्याने ओझरपर्यंत वाढवत न्यायची, असा प्रस्ताव कुठल्याही सल्लागार कंपनीला दुपारभरात लिहिता येईल.

कल्पना वाईट नाही. यात्रेकरू एका देवळाहून दुसऱ्या देवळाला गाडीच्या काचेआडून जातो, त्याला कुकडी दिसते ती पुलावर, तीही अर्धा मिनिट. स्थानिक म्हाताऱ्या माणसांनी संध्याकाळी पाय मोकळे करायचे तर डांबरी रस्त्याच्या कडेने, उसाच्या ट्रॉल्या चुकवत. नदीकाठी चालायला वाट हवी की नको, हा वाद मला घालायचाच नाही. हवीच. माझा वाद आराखड्याच्या पहिल्या पानाशी आहे. आपल्याकडे पहिल्या पानावर काठ असतो: रुंदी किती, फरशी कोणती, दिव्याचे खांब किती अंतरावर. जुन्नर आणि शेजारच्या आंबेगाव तालुक्यात पहिल्या पानावर पाण्याचे वेळापत्रक हवे आणि दुसऱ्यावर काठावर आधीपासून वावरणाऱ्यांचे हक्क. फरशीचे पान शेवटचे, आणि ते कोरे राहिले तरी बिघडत नाही.

पाण्यापासून सुरुवात करू. जुन्नरजवळून वाहणारी कुकडी आता आपल्या मर्जीने वाहत नाही. वरच्या अंगाला माणिकडोह धरणाचा शहाजीसागर आहे, खालच्या अंगाला येडगाव. माणिकडोहात दहा टीएमसीच्या आसपास पाणी मावते, येडगावात त्या मानाने फारच थोडे. पण कुकडीचा मोठा डावा कालवा निघतो तो येडगावातून. म्हणून माणिकडोहचे दार उघडले की पाणी नदीपात्रातूनच जुन्नरवरून येडगावात उतरते आणि पुढे पारनेर, श्रीगोंदा, कर्जत करत सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्यापर्यंत जाते. पावसाळा वगळला तर शहरापुढचे पात्र हा व्यवहारात कालव्याचाच एक तुकडा झाला आहे. आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, सुटले की नदी भरते. ते बंद झाले की कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत ढापे टाकून जेवढे अडवले तेवढेच राहते, आणि त्यात गावाचे सांडपाणी मुरत बसते. घोड आणि मीनेची गत फार वेगळी नाही. घोडेचे पाणी डिंभे धरणाच्या हातात, मीनेचे वडजच्या.

आता या पात्राच्या कडेने बांधलेल्या वाटेवरून मे महिन्यात कुणी चालला तर त्याला काय दिसेल? ते आवर्तनाच्या तारखेवर अवलंबून राहील. आराखड्याच्या रंगीत चित्रात मात्र नदी बाराही महिने निळी असते.

चित्रातला निळा रंग कुठून आणतात, हे अहमदाबादेत कळते. साबरमतीचा काठ 2012 मध्ये लोकांसाठी खुला झाला आणि देशभरच्या महापालिकांना तो आदर्श वाटू लागला. तिथे शहरापुरते जे भरलेले पाणी दिसते ते मुख्यतः नर्मदेच्या कालव्यातून आणलेले आणि खाली वासणा बंधाऱ्याने अडवलेले आहे. दक्षिण कोरियाच्या सोल शहराने उन्नत रस्ता पाडून चॉन्गेचॉन हा जुना ओढा 2005 मध्ये उघडा केला. त्याचे कौतुक जगभर झाले आणि ते रास्तही होते. पण त्या ओढ्यात रोज सुमारे एक लाख वीस हजार टन पाणी पंपाने आणून सोडावे लागते. अहमदाबादेने दुसऱ्या नदीचे पाणी घेतले, सोलने विजेचे बिल भरले. दोघांनाही ते परवडले, कारण दोन्ही मोठी आणि पैसेवाली शहरे आहेत. जुन्नरसारख्या नगरपरिषदेला दोन्ही मार्ग बंद आहेत. तिला सुचेल तो तिसरा: शहराच्या खाली एक बंधारा घालून पाणी तुंबवायचे, त्यावर दोन बोटी सोडायच्या आणि काठाला पायऱ्या बांधायच्या.

ते तुंबवलेले पाणी कुणाचे असेल? कालवा सल्लागार समितीच्या बैठकांच्या बातम्या ज्याने वाचल्या आहेत त्याला उत्तर सांगावे लागत नाही. शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याची तक्रार ठरलेली असते की वरचे पाणी अडवतात, आणि वरच्यांची ठरलेली असते की धरणे आमच्या जमिनीवर आणि पाणी दुसऱ्याच्या शेतात. डिंभ्याचे पाणी बोगद्याने माणिकडोहात न्यायच्या प्रस्तावावरून आंबेगाव आणि खालचे तालुके किती तापले, हे ताजे आहे. अशा खोऱ्यात शोभेसाठी म्हणून नदी भरलेली ठेवायची, हा निर्णय नगररचनेचा राहत नाही. तो पाणीवाटपाचा होतो, आणि फरशीच्या निविदेआडून पाणीवाटप ठरवायचा अधिकार कुणालाही नाही. वरच्यांची तक्रार मला खोटी वाटत नाही. पण ती शेतीसाठी आणि पिण्याच्या पाण्यासाठी मांडता येते, बोटिंगसाठी मांडली की तिचा जोर जातो.

त्यापेक्षा कोरडी नदी कोरडी दाखवावी. हे ऐकायला विचित्र वाटेल, पण त्याचा पुरावा याच कुकडीने दिला आहे. खाली निघोजला तिच्या पात्रात पाण्याने आणि गोट्यांनी कातळ कोरून केलेले रांजणखळगे आहेत. लोक ते पाहायला लांबून येतात, आणि येतात ते पाणी कमी असताना. भरल्या नदीत तिथे पाहण्यासारखे फारसे नसते. खडक, वाळूचे पट्टे, बंधाऱ्याच्या वर साचलेले आणि खाली झिरपणारे पाणी, पावसाळ्यात गढूळ लोंढा, आवर्तनात एका रात्रीत बदललेला काठ, हे सगळे ज्या वाटेवरून दिसेल ती वाट आखायला निराळी नजर लागते. त्यासाठी दोन्ही काठ उभ्या भिंतींनी सरळ करायची गरज नसते, उलट तो मोह टाळावाच लागतो.

आता काठ. सल्लागाराच्या अहवालात नदीकाठ बहुधा ‘पडीक’ किंवा ‘वापरात नसलेला’ असतो. कुकडी-घोडेच्या काठी तसे एक फर्लांगही सापडणार नाही. दर थोड्या अंतरावर मोटारी, स्टार्टरच्या पेट्या आणि पात्रातून शेताकडे गेलेल्या पाइपलाइनी आहेत. काठाला समांतर कुठलीही वाट आखली की या पाइपलाइनी पावलोपावली आडव्या येणार. खोदकामात एक जरी फुटली तरी टोमॅटोच्या ऐन तोड्यात कुणाचा तरी मळा सुकेल, आणि मग त्या वाटेचे उद्घाटन कुणीही करो, तिच्यावर दगड पडतील. ओतूरला मांडवी नदीच्या काठी कपर्दिकेश्वर आहे. श्रावणी सोमवारी तिथे जमणारी गर्दी एखाद्या उद्यानाच्या वर्षभराच्या गर्दीला भारी पडावी. आणि गावोगाव दशक्रिया घाट आहेत.

दशक्रिया घाटाकडे नगररचनाकाराने कधी गंभीरपणे पाहिल्याचे मला आठवत नाही. उत्तर पुणे जिल्ह्यात नदीकाठावरची सर्वांत जास्त वापरली जाणारी सार्वजनिक वास्तू तीच आहे. सकाळी सातला पंचक्रोशी जमते, प्रवचन होते, श्रद्धांजलीची भाषणे होतात, ऊसदर आणि सोयरिकी यांची बोलणी होतात, पुढाऱ्यांची हजेरी लागते. आमदार निधीतून पत्र्याची शेड, फरसबंदी, बसायला ओटे, पाण्याची टाकी हे सगळे तिथे आधीच झालेले असते. ज्या गोष्टींसाठी नव्या आराखड्यात कोटी दाखवले जातात त्यांतल्या निम्म्या तिथे उभ्या आहेत. फक्त एका घाटावरून पुढच्या घाटापर्यंत चालत जाता येत नाही. नदीकाठची वाट ही घाट ते घाट अशी आखली तर तिला पहिल्या दिवसापासून माणसे मिळतील. पर्यटकाला दुःखाच्या जागेतून चालायला अवघड वाटेल, असे कुणी म्हणेल. वाटू दे. पंढरीच्या वाळवंटातही लोक याच नजरेने चालत आले आहेत.

पण काठाचा हक्क म्हणजे काय, हे सगळ्यांत नीट कळते ते आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाला. तालुक्याला ज्या गावाचे नाव आहे ते आंबेगाव डिंभे धरणात बुडाले. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. जलाशयाला नाव मिळाले हुतात्मा बाबू गेनूंचे, जे याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. पाण्याखाली गेली ती मुख्यत्वे महादेव कोळ्यांची भातखाचरे. खालचे तालुके हिरवे झाले आणि ज्यांच्या जमिनीवर पाणी साठले त्यांच्या हाती उरले चढाचे माळ आणि समोर पसरलेले, आपले नसलेले पाणी.

त्या माणसांनी काठाकडे वेगळ्या नजरेने पाहिले. जलाशयाची पातळी हिवाळ्यापासून उतरू लागते तशी कडेची गाळाची जमीन उघडी पडते. ती गाळपेरासाठी आम्हाला द्या, ही मागणी त्यांनी लावून धरली. कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांची ‘शाश्वत’ ही संस्था त्यांच्या सोबत होती. सरकारी कागदावर ती बुडित क्षेत्रातली जमीन होती. प्रत्यक्षात वर्षातले काही महिने ती उत्तम शेती होती, कित्येकांची तर स्वतःचीच बुडालेली. गाळपेराला मान्यता मिळवली, लहान पंपांनी पाणी उचलले, जलाशयातल्या मासेमारीसाठी आदिवासींची सहकारी संस्था उभी केली. या कामाला 2012 मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक मिळाले. आपल्याकडे त्याची बातमी छोटी आली, जी नेहमीचीच गोष्ट आहे.

नदीकाठच्या वाटेचा विचार करणाऱ्याला डिंभ्याचा गाळपेर एक गोष्ट शिकवतो, जी कुठल्याही रिव्हरफ्रंटच्या आराखड्यात मला दिसलेली नाही. पाण्याची कड ही एक रेषा नसते. ती वर्षभर वर-खाली सरकणारा रुंद पट्टा असतो, आणि त्या पट्ट्याचा वापर महिन्याप्रमाणे बदलतो: श्रावणात तो माशांचा, पौषात हरभऱ्याचा, वैशाखात गुरांचा. तो कायमचा बांधून एका वापराला दिला की बाकीचे महिने आणि बाकीची माणसे बाहेर पडतात. महसूल कायद्याप्रमाणे नदीचे पात्र सरकारचे आहे हे खरे. जमीन महसूल संहितेचे कलम 20 तेच सांगते. पण सरकारचे आहे म्हणजे रिकामे आहे, असे त्या कलमात कुठेही लिहिलेले नाही.

मग वाट काढायची कुठून? या प्रश्नाचे उत्तर नव्याने शोधायचे कारण नाही, ते तलाठ्याच्या दप्तरात आहे. गाव नकाशावर गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने आणि पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखवलेला असतो. गाडीमार्ग साडेसोळा ते एकवीस फूट, पायमार्ग सव्वाआठ फूट. नदीवर उतरणाऱ्या, नदीच्या कडेने जाणाऱ्या, पाणवठ्यापासून शिवाराकडे वळणाऱ्या अशा कितीतरी पाणंदी कागदावर शाबूत आहेत आणि जमिनीवर उसाखाली गेल्या आहेत. बांध कोरायचा, मग चारी घ्यायची, मग दोन सऱ्या वाढवायच्या, अशी त्यांची गिळंकृत होण्याची रीत सगळ्या शिवारांत सारखीच. त्या मोकळ्या करायला मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 चे कलम 5 आहे, बांधावरून नवी वाट मागायला जमीन महसूल संहितेचे कलम 143 आहे, 2021 पासून मातोश्री ग्रामसमृद्धी शेत व पाणंद रस्ते योजनेचे पैसे आहेत.

या मार्गाचा फायदा केवळ भूसंपादनाचा खर्च वाचतो एवढाच नाही. पाणंद मोकळी झाली तर पहिला लाभ शेतकऱ्याला होतो, त्याचा टोमॅटोचा क्रेट बांधावरून डोक्यावर न नेता थेट पिकअपमध्ये चढतो. फिरणारा माणूस त्या वाटेवर दुसरा येतो, पाहुणा म्हणून. पुण्याच्या आराखड्यात तोच पहिला आहे, आणि म्हणून तिथे काठावरच्या प्रत्येक माणसाशी भांडण उभे राहते. अर्थात पाणंद मोकळी करणे हे फरशी बसवण्यापेक्षा कितीतरी अवघड काम आहे. फरशीला ठेकेदार लागतो. पाणंदीला भावकीच्या दोन पिढ्यांचे वैर तहसीलदारापुढे बसवावे लागते. पुढाऱ्यांना फरशी का आवडते, याचे कारण इथेच आहे.

बिबट्याला विसरून या तालुक्यांत काहीच आखता येत नाही. जुन्नर वनविभागात बिबटे उसात राहतात, वितात, वाढतात. माणिकडोहला त्यांच्यासाठी निवारा केंद्र आहे. 2001 ते 2003 च्या काळात इथून पकडलेले बिबटे दुसरीकडे नेऊन सोडल्याने हल्ले कमी झाले नाहीत, उलट वाढले, असे विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शेजारच्या शिरूरमधल्या पिंपरखेड परिसरात बळी गेले तेव्हा लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग अडवला. अशा मुलखात नदीकाठी दाट झाडी लावून ‘निसर्गरम्य’ वाट करणे म्हणजे बिबट्याला आडोसा आणि माणसाला धोका एकाच खर्चात देणे होय. नदीकाठची झुडपे काढून टाका, असे मी म्हणत नाही. ती ओढ्यांच्या मुखाशी, माणसाच्या वर्दळीपासून दूर राखावीत आणि वाट उघड्यावरून न्यावी. सूर्य मावळल्यावर वाट बंद. दिव्यांचे खांब नकोतच. शेतकरी वर्षानुवर्षे दिवसा थ्री-फेज वीज मागतो आहे, कारण रात्री मोटार चालू करायला त्याला उसातून जावे लागते. त्याच्या डोळ्यांसमोर फिरायच्या वाटेवर रात्रभर दिवे जळू लागले तर त्याने काय समजायचे?

पुराबद्दल फार लिहायला नको, पुण्याने ते सगळ्यांसाठी लिहून ठेवले आहे. 25 जुलै 2024 ला खडकवासल्यातून 35 हजार क्युसेकच्या आसपास पाणी सुटले आणि सिंहगड रस्त्यावरची एकतानगरी पाण्यात गेली. नाशिकचा गोदापार्क 2016 च्या ऑगस्टातल्या पुराने कसा विस्कटला, तेही लोकांनी पाहिले. पूररेषांपैकी निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतला. माणिकडोह आणि येडगाव यांच्यामध्ये राहणाऱ्या शहराने निळ्या रेषेच्या आत सिमेंटची एकही पाटी टाकू नये. मातीची वाट वाहून गेली तर रोजगार हमीवर पुन्हा होते. वाहून गेलेल्या पॅरापेटच्या कामाची चौकशी मात्र दहा वर्षे चालते.

एक आक्षेप खरा आहे आणि तो टाळता येणार नाही. मी म्हणतो तशी वाट दिसायला साधी असेल. तिच्यावरून चालताना बाजूला मोटारी घरघरतील, शेणाचा वास येईल, उन्हाळ्यात नदी आटलेली असेल, मध्येच कुणाचा तरी दहावा चालू असेल. मुंबईहून आलेले कुटुंब कदाचित अर्ध्यातूनच परत फिरेल. पर्यटनाचा पैसा हवा असणाऱ्या हॉटेलवाल्यांना, द्राक्षमळ्यात मुक्काम देणाऱ्यांना हे पटणार नाही, आणि त्यांचाही या तालुक्यावर हक्क आहे. त्यांना माझे उत्तर इतकेच की जुन्नरकडे विकण्यासारखे जे आहे ते दुसरीकडे बांधता येत नाही: नाणेघाट, लेणी, शिवनेरी, खोडदच्या महाकाय दुर्बिणी. फरशी कुठेही बसते. साबरमतीची लहान नक्कल पाहायला कुणी माळशेजच्या माथ्याशी येणार नाही.

सांडपाण्याचे मात्र काहीही करून आधी व्हायला हवे. नाले नदीत सोडून काठाला वाट करणे हा निव्वळ निर्लज्जपणा आहे, आणि त्यावर वादही होऊ नये. मोठी मलनिःसारण योजना येईपर्यंत नाल्यांच्या तोंडाशी स्थिरीकरण तळी आणि पाणवनस्पतींचे वाफे करता येतात; त्याला जागा लागते, आणि ती जागा आज काठावर आहे. उद्या तिथे पार्किंग झाले की राहणार नाही.

म्हणून कुणी खरोखर आराखडा करायला घेतलाच तर पाहणी डिसेंबरात करू नये, तेव्हा सगळ्याच नद्या देखण्या असतात. मे महिन्यात, आवर्तन बंद असताना, लेण्याद्रीच्या पायथ्यापासून ओझरपर्यंत पात्राच्या कडेने चालत जावे. सोबत तलाठी, त्याच्याकडचा गाव नकाशा, पाटबंधारे खात्याचा शाखा अभियंता, वनरक्षक आणि प्रत्येक गावातले ज्यांच्या मोटारी नदीवर आहेत ते शेतकरी असावेत. किती पाइपलाइनी आडव्या येतात, किती पाणंदी उसात गेल्या आहेत, किती नाले उतरतात, किती घाट वापरात आहेत, हे त्या चालण्यात मोजून होईल. तीच पाहणी पुन्हा आवर्तन सुटलेले असताना करावी आणि दोन्ही याद्या ग्रामसभांपुढे ठेवाव्यात. सल्लागाराची नेमणूक त्यानंतर.